तुकड्यांच्या पाठीवरचे आकडे

सोमवार, १० मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत. वि. वि.

काल, रविवार दिनांक ९ मार्च रोजी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, तुझ्या घरातल्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या चटईवर मी बंदराच्या जिगसॉचा एक तुकडा सहज उलटा केला. त्याच्या पाठीवर १७ लिहिलेलं होतं. काळ्या जाड मार्करने. आकडा एवढा धिप्पाड, की त्याला तुकडा अपुरा पडत होता.

वेळ इतकी नेमकी कशी, असं विचारशील. एकतीस वर्षं इस्पितळाच्या एक्स-रे विभागात काढलेल्या बाईला घड्याळ बघितल्याशिवाय काहीच नोंदवता येत नाही. तुकडा उलटा कशाला केला, असंही विचारशील. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या शिवणाच्या सिस्टर भरतकाम हातात घेतलं की आधी मागची बाजू बघायच्या. पुढून गुलाब कितीही फुललेला असो, मागे गाठी दिसल्या की सगळं उसवायला लावायच्या. तेव्हापासून माझा पुढच्या बाजूवर विश्वास नाही. वस्तूंच्या नाही आणि नातेवाइकांच्याही नाही.

मग मी सगळे तुकडे उलटे केले. बंदराचे अठ्ठेचाळीस. कोंबड्यांचे चोवीस. गच्चीवरच्या मांजरींचे पस्तीस. रेल्वे कारखान्याचे त्रेसष्ट. एकशे सत्तर तुकडे आणि एकशे सत्तर आकडे. मी अजून मोजतच होते, तोवर तुझी नात पुढे सरकली. तिने बंदर पालथं घातलं, एक, दोन, तीन करत ओळीने आकडे लावले आणि सहा मिनिटांत करड्या पुठ्ठ्याचं एक मैदान तयार केलं. होड्या, दीपस्तंभ, दोरखंड, पाण्यात पडलेला कुत्रा, सगळे जमिनीकडे तोंड करून. खारू त्या सहा मिनिटांत एक शब्द बोलली नाही. चित्राकडे तिने एकदाही बघितलं नाही. आणि टाळ्या कोणी वाजवल्या? तू.

तुझी स्मरणशक्ती डेपोत जमा करून तू निवृत्त झालास की काय, कल्पना नाही. म्हणून आठवण करून देते. पोर साडेचार वर्षांची आहे. नोव्हेंबरपर्यंत तिच्याजवळ जेमतेम वीस शब्द होते आणि तेही ती कंजुषाच्या हाताने खर्च करायची. कान ठीक, जीभ ठीक, डोकं तर तुझ्यापेक्षा ठीक. फक्त बोलायची निकड तिला वाटत नव्हती, कारण बोट दाखवलं की घरातले तिघंही धावत सुटायचे. तेव्हा बोलवणाऱ्या बाईंनी, म्हणजे आपण ज्यांना तसं म्हणतो त्या वाचा-उपचारांच्या बाईंनी, सांगितलं की तिच्याबरोबर काहीतरी हातांचं करा आणि करताना बोला. म्हणून मी जिगसॉ आणले. दर एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी दोन तास बसने धक्के खात आले, आणि या गुडघ्यांनी तुझ्या चटईवर बसले.

डिसेंबरात ‘कोपरा’ आला. मग ‘कडा’. मग ‘इथे नाही’. मग ‘फिरव’. बारा जानेवारीला तिने एक तुकडा उचलला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली की हा अर्धा कुत्रा आहे. आणि लगेच विचारलं की उरलेला कुत्रा कुठे आहे. तिच्या आयुष्यातला हा पहिला प्रश्न, धाकट्या. तुझी सून स्वयंपाकघरात रडली, कांदा नसताना.

जिगसॉ लवकर लावायचा नसतोच. तुकडा बसत नाही, मग तो फिरवायचा, पुन्हा बघायचा, आभाळाचे आभाळात ठेवायचे, पाण्याचे पाण्यात. बसला नाही की तोंडातून काहीतरी निघतं. तुझ्या तोंडून शिव्या निघतात, तिच्या तोंडून शब्द निघत होते. ते तू बंद केलेस.

शनिवारी, २९ मार्चला, बाई तिला पुन्हा ऐकणार आहेत. त्यानंतर त्या शाळेला कळवतील की खारू नव्या वर्षी बरोबरीच्या मुलांच्या वर्गात बसेल, की पुन्हा एकदा तीन वर्षांच्या शेंबड्यांमध्ये. तिथे ती काय बाईंना सतरा आणि अठरा म्हणून दाखवणार आहे?

आकडे खोड. सगळे. फोन करू नकोस. फोनवर माझं म्हणणं रंगात आलं की तुला नेमका आवाज तुटायला लागतो.

लोभ आहे तेवढा पुरे आहे. वाढवून हवा असेल तर आधी मार्कर फेकून द्यावा.

तुझी थोरली बहीण


शुक्रवार, १४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांगातले दोन्ही गुडघे कागदावरच समजावेत, प्रत्यक्षात ते वाकत नाहीत.

पत्र मिळालं. पोस्टमनने चिमट्यात धरून आणलं असावं, इतकं गरम होतं.

बस डेपोच्या सुट्या भागांच्या गोदामात मी चौतीस वर्षं काढली. तिथे एक नियम होता: ज्या वस्तूवर नंबर नाही ती हरवलेलीच समजायची, फक्त अजून हरवायला तिला वेळ मिळालेला नाही. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक वॉशर गेला नाही. आणि तुझे ते तुकडे घरात आल्यापासून काय झालं ऐक. एक माझ्या बुटात सापडला, मी तो पायाखाली घेऊन बँकेत जाऊन आलो. एक कपडे धुवायच्या मशीनमध्ये निघाला, गोळा होऊन. एक पोरीने अख्खी दुपार गालात धरून ठेवला होता. गालगुंड झालं म्हणून आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बोट घालून दीपस्तंभ बाहेर काढला. तिला आम्ही खारू म्हणतो ते काय उगीच?

म्हणून नंबर टाकले. मार्कर जाड घेतला, कारण बारीक अक्षर पुसून जातं. बाकी काही कारण नाही.

आणि तू लिहितेस तसं पोरीचं नुकसान झालेलं मला तरी दिसत नाही. तिला त्रेसष्टपर्यंत आकडे ओळखता येतात. आमच्या खालच्या केस कापणाऱ्याने स्वतःच्या मुलाला बोलावून तिचं काम दाखवलं. मुलगा दहा वर्षांचा आहे आणि तोंड उघडं टाकून बघत होता. तू टाळ्यांचा एवढा राग धरतेस, पण आपल्या घरात टाळ्या वाजवायची वेळ कितीदा येते?

आणखी एक. तू येतेस रविवारी, तेही एक सोडून. सोमवार ते शुक्रवार पोरगी कोणाजवळ असते? तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करत गावभर वर-खाली करत असतो, सूनबाई औषधांच्या दुकानात उभी असते. घरात मी. खारू तुकडा आणते आणि माझ्या नाकासमोर धरते. तिला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. ते तुला द्यावं लागत नाही, मला लागतं.

आता तुझ्या कॉन्व्हेंटच्या शिस्तीबद्दल. मी सहा वर्षांचा असताना आपल्या घरी किल्ल्याचा जिगसॉ होता. त्यातला एक तुकडा दर वेळी हरवायचा, मी पलंगाखाली शिरून धुळीत लोळून शोधायचो आणि शेवटी तो तुला ‘सापडायचा’. तो तुझ्या गणवेशाच्या खिशात असायचा. शेवटचा तुकडा स्वतःच्या हाताने बसवायचा म्हणून. तुमच्या सिस्टर गुलाबाची मागची बाजू बघत होत्या, त्यांनी तुझा खिसा का बघितला नाही, हे मी साठ वर्षं विचारतो आहे.

रागावलीस तरी येत जा. चटई झाडून ठेवतो.

लोभाचा साठा कमी पडत असेल तर मागणीपत्र पाठवावे, गोदामातून देऊ.

तुझा धाकटा


सोमवार, १७ मार्च

चि. धाकट्यास, वि. वि.

तुझ्या पत्राने चार कागद खाल्ले. ओळीत चार शब्द, आणि ओळी अशा की सगळ्या उतारावरून घरंगळत गटारात चालल्या आहेत. डेपोच्या भिंतीवर सूचना लिहायचास तशी अक्षरं कागदावर काढायची गरज नाही. मी म्हातारी आहे, आंधळी नाही.

तुकडा मी खिशात ठेवत होते, कबूल. मी नऊ वर्षांची होते आणि तू अत्यंत रडका होतास. तो विषय संपला.

आकड्यांचा संपलेला नाही. माझ्या हाताखाली नवीन मुली यायच्या. एक्स-रेच्या फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचा नंबर असतो. त्या नंबर बघायच्या, रजिस्टरशी जुळवायच्या आणि सही करायच्या. एकदा दहा वर्षांच्या मुलाच्या पाकिटात सत्तर वर्षांच्या बाईचा गुडघा गेला. नंबर बरोबर होता. तीन टेबलांवरून तो गुडघा फिरला, तीन सह्या झाल्या आणि कोणालाही वाटलं नाही की दहा वर्षांचं पोर असा झिजलेला गुडघा घेऊन फुटबॉल कसं खेळेल. कारण फिल्मकडे कोणी बघितलंच नव्हतं. नंबर असला की डोळे सुट्टीवर जातात. तुझ्या नातीचे डोळे तू साडेचाराव्या वर्षी सुट्टीवर पाठवलेस. डोळे गेले की त्यांच्या मागोमाग जीभ जाते. तू प्रश्नाच्या पाठीवर उत्तर लिहिलंस. आता ती कोणाला काय विचारणार?

केस कापणाऱ्याचं मत मला कळवू नये. त्याने माझ्या भाच्याच्या लग्नाआधी त्याचं काय केलं होतं ते फोटोत आहे.

सूनबाईला मी तपकिरी कागदाची गुंडाळी आणि खळ पाठवली आहे. प्रत्येक तुकड्याच्या मागे कागद चिकटवून, कडेने कापून घ्यायचा. तू हात लावायचा नाहीस. २३ तारखेच्या रविवारी मी येणार नाही. आकडे झाकले गेल्याचं मला सूनबाईच्या हस्ताक्षरात समजेल तेव्हा येईन. पोरगी विचारेल की आत्याआजी का आली नाही. विचारू दे, तेवढंच एक वाक्य होईल.

लोभ सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे.

थोरली


रविवार, ३० मार्च

ती. आत्यांस,

सा. न. वि. वि. तुमची गुंडाळी पोचली, खळही पोचली आणि आता सांगायचं ते इतकं आहे की कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. तुम्हाला क्रम आवडतो, म्हणून क्रमानेच लिहिते.

एकशे सत्तर तुकड्यांना कागद लावायला आम्हा दोघांना चार संध्याकाळी लागल्या. तुमच्या भाच्याने एक मांजर स्वतःच्या कोपराला चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी तशीच घेऊन कामावर गेला. बाबा खुर्चीत बसून बघत होते. चिडले नाहीत, टोमणा मारला नाही. मला वाटलं, तुमच्या पत्राने दबले. एकदा फक्त म्हणाले की आता पोरीने विचारलं तर मी काय सांगू. मी कामात होते. मी म्हटलं, जे दिसतं ते सांगा.

सोमवारी, २४ तारखेला, दुकान लवकर बंद झालं. जिना चढून आले तर आतून दोन आवाज येत होते. मला वाटलं रेडिओ लागलाय. दार उघडलं तर बाबा चटईवर, पाय पसरून, आणि खारू त्यांच्या पायांच्या मध्ये. मी आत न जाता तिथेच उभी राहिले. बाबा एक तुकडा हातात धरून तिला विचारत होते की यावर काय आहे. खारू म्हणाली की लाल. बाबांनी विचारलं की लाल काय. ती म्हणाली की होडी. अख्खी का, असं बाबांनी विचारलं, तर नाही, शेपटी, असं ती म्हणाली. होडीला शेपटी! मग बाबांनी तो तुकडा थेट आभाळात नेऊन दाबायला सुरुवात केली. खारू हसून लोळली. तिने त्यांना सांगितलं की तिथे ढग आहेत, होडी खाली असते, पाण्यात, आणि हात धरून तुकडा खाली आणला. आत्या, मी पंधरा मिनिटं दारात उभी होते. माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली नाही. बंदर अर्धंसुद्धा झालं नव्हतं आणि ती बोलतच होती.

मला वाटलं बाबा नाटक करतायत. मनात म्हटलं, तुमची खरडपट्टी लागू पडली, म्हाताऱ्याने काय झकास सोंग घेतलंय. सगळा आठवडा हेच चाललं. बाबा दीपस्तंभाला कोंबडा म्हणाले, ती ओरडली. ते क्रेनला जिराफ म्हणाले, तिने त्यांना क्रेन कशाला म्हणतात ते समजावलं, हातवारे करून.

काल बोलवणाऱ्या बाईंकडे गेलो. बाबांनाही नेलं. बाईंनी टेबलावर लाकडी तुकडे मांडले आणि खारूला विचारलं की घरी हे कोणाबरोबर करतेस. ती म्हणाली की आजोबाबरोबर. बाईंनी विचारलं की आजोबा तुला मदत करतात का. तर खारूने मान हलवली आणि बाईंना स्वच्छ सांगितलं की आजोबाला दिसत नाही, मग मी सांगते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. एका श्वासात सहा शब्द. आम्ही मात्र ते मोजत नव्हतो, आम्ही बाबांकडे बघत होतो. बाबा ताडकन उठले, म्हणाले की पोर खोटं बोलते, असलं ऐकून घ्यायला आपण इथे आलेलो नाही, आणि दार उघडून तरातरा बाहेर गेले. ते दार बाईंच्या खेळण्यांच्या कपाटाचं होतं. आतून दोन ढोल आणि एक रबरी हत्ती त्यांच्या अंगावर आले.

तसंच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त. वर्षापासून असणार. डॉक्टर म्हणतात की साधं काम आहे, पुढच्याच महिन्यात करून टाकू. तेव्हा उलगडलं की ते जाड काळे आकडे पोरीसाठी नव्हतेच. ती तुकडा नाकासमोर धरायची आणि त्यांना कुत्रा की होडी ते कळायचं नाही. करड्या पुठ्ठ्यावर काळं, बोटाएवढं, तेवढंच त्यांना वाचता येत होतं.

बाईंनी शाळेला लिहिलंय: बरोबरीच्या वर्गात बसवा, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. तो कागद मी उशाशी ठेवलाय.

बाबा शस्त्रक्रियेला साफ नाही म्हणतात. कारणही सांगत नाहीत. आणि तुम्हाला यातलं काही कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली आहे. म्हणून सविस्तर लिहिलं.

माया आहेच, रागावलात तरी ती कमी करू नये.

तुमची सूनबाई


गुरुवार, ३ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

सूनबाईने लिहिलं हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. चेहरा नीट दिसला नाही, पण ती तीन दिवस माझ्याशी गोड बोलते आहे, त्यावरून कळलं.

वर्ष झालं. ओल्या काचेतून बघावं तसं दिसतं. उन्हात तर सगळे जण एकसारखे पांढरे. आधी वाटलं चष्मा बदलावा. मग समजलं, आणि मग गप्प बसलो. का गप्प बसलो? कारण म्हाताऱ्याला दिसत नाही हे कळलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मिळून सभा भरवली असती आणि पोरीला सांभाळायला बाई ठेवली असती. मला दिवसभर दुसरं काय आहे, ताई? गोदामाची किल्ली दिली तेव्हा सगळे म्हणाले की आता आराम करा. आराम म्हणजे काय ते पहिल्या आठवड्यात कळलं. मग ही पोरगी हातात आली.

नंबर टाकले, तेव्हापासून दीड-दोन महिने माझे छान गेले. ती तुकडा धरायची, मी वाचायचो, सतरा. तिला वाटायचं आजोबाला सगळं येतं. तुझं पत्र वाचायला मला दोन दिवस आणि एक भिंग लागलं. पोरगी गप्प झाली हे तू लिहिलंस तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, किती शहाण्यासारखी खेळते. त्याचं मला काय वाटलं ते लिहीत नाही. तू ते पत्र जपून ठेवशील आणि माझ्या तेराव्याला वाचून दाखवशील.

आता शस्त्रक्रियेचं. मी करणार नाही. निदान एवढ्यात नाही. बाई म्हणतात तीन महिन्यांनी पुन्हा बघू. ती बोलते का, ताई? मला दिसत नाही म्हणून बोलते. दिसायला लागलं तर ती कशाला सांगेल? पुन्हा तुकडा धरेल, मी बघेन, सांगेन, संपलं. उद्या डोळे साफ होतील आणि पोरगी मुकी होईल, हा सौदा मला नको. तीन महिने, मग पुढचे तीन. डोळे माझे आहेत. या बाबतीत तुझी पत्रं वाया जातील, टपालाचा खर्च वाचव.

लोभ ठेव. ही विनंती नाही, गरज आहे.

धाकटा


सोमवार, ७ एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मागचे राखून ठेवलेलेही यात जमेस धरावेत. वि. वि.

काल तुझ्याकडे जे घडलं ते तू मिटक्या मारत ऐकलंस, आता वाच. भिंग घे.

मी सोफ्यावर बसले होते. तुम्ही दोघं चटईवर रेल्वे कारखाना मांडून. खारूच्या हातात एक तुकडा होता आणि ती तुला सांगत होती की हे लोखंडाचं आहे, वाकडं आहे, वर काहीतरी, वर काहीतरी... आणि मी सोफ्यावरून म्हणाले की तो क्रेनचा आकडा आहे. ती थांबली. माझ्याकडे वळली. आणि तिने मला सांगितलं की आत्याआजीने गप्प बसावं, ती आजोबाशी बोलते आहे. तू इतका हसलास की तुझी कवळी कारखान्यात पडली.

मला गप्प बस म्हणणारं माणूस अजून जन्माला आलेलं नाही, असा माझा समज होता. ते साडेचार वर्षांपूर्वीच जन्मलं होतं, आणि आपल्याच घरात.

बसमध्ये दोन तास मी तोंड मिटून होते. माझ्या शेजारच्या बाईला वाटलं मला मळमळतंय, तिने मला खिडकी दिली. धाकट्या, पाच महिने मी त्या पोरीबरोबर बसले. ‘कोपरा’ शिकवला, ‘कडा’ शिकवली आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. पण मला सगळं लगेच दिसतं. ती दोन शब्द जुळवेपर्यंत मी तिसरा बोललेली असायची. तू आकडे तुकड्यांवर लिहिलेस, मी जिभेवर घेऊन बसले होते. तुझ्यावर जे कागद जाळले त्यातला निदान एक माझ्या नावाचा होता. हे पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा हवं तर फ्रेम करून घे. आणि एकतीस वर्षं अंधाऱ्या खोलीत लोकांच्या सावल्या वाचणाऱ्या बाईला सख्ख्या भावाच्या डोळ्यांतला धुरकट पडदा दिसला नाही. त्याच्या घरंगळत्या ओळींवर मी विनोद केले. त्याबद्दल मला काय वाटतं तेही मी लिहीत नाही.

आता तुझा मूर्खपणा. तुला वाटतं तुला दिसत नाही म्हणून ती बोलते. चूक. तू थांबतोस म्हणून ती बोलते. तुला उत्तर माहीत नसतं, म्हणून तू तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत गप्प राहतोस. हे डोळस माणसालाही जमतं, कष्ट पडतात इतकंच. मी पुढच्या खेपेपासून सुरू करणार आहे, तोंडात पेपरमिंट धरून. तुला नसेल जमत तर डोळे मिटून बस. डेपोत चौतीस वर्षं दुपारी दोन ते तीन तू दुसरं काय करत होतास?

एक गोष्ट मात्र तू काल बघितली नाहीस, कारण तुला बघताच आली नसती. मला बसस्टॉपवर सोडायला तुम्ही दोघं निघालात. लोकांना वाटलं असेल, आजोबा नातीचा हात धरून चालले आहेत. मी मागून येत होते. ती प्रत्येक पायरीवर थांबत होती आणि तुला सांगत होती की आता पायरी आहे. खालची फुटकी पायरी आली तेव्हा तिने तुझा पाय बघितला, स्वतःचा नाही. रस्ता ओलांडताना सायकल आली. तिने तुला मागे ओढलं आणि थांब म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा चेहरा चाळिशीच्या बाईसारखा झाला होता. ती पोर साडेचार वर्षांची आहे. तिच्या शब्दांनी तिने तुला होडीला शेपटी असते ते सांगावं. तुला सायकलखालून वाचवायची जबाबदारी त्या शब्दांवर टाकायची नाही. एक दिवस ती वाटेत मांजर बघायला थांबेल, तो तिचा हक्क आहे, आणि तू पुढे पाऊल टाकशील. नंतर त्याबद्दल ती काय बोलेल, आणि कधी बोलेल, याचा विचार करून बघ. मी बसमध्ये केला.

तेव्हा डॉक्टरांकडून तारीख घ्यायची. आधी उजवा, मग डावा. तारीख, वेळ आणि डॉक्टरांचं नाव मला लेखी हवं आहे, आणि ते पत्र शनिवार, १९ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारात पडलं पाहिजे. पाच वाजून एक मिनिटाने मी ट्रंक भरायला घेईन आणि कायमची तुझ्या पुढच्या खोलीत राहायला येईन, हे धमकी म्हणूनच वाचावं.

अक्षर सूनबाईचं चालेल, मजकूर खारूने सांगितलेला चालेल, तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे, मध्ये कोणी बोलू नये. सही मात्र तुझी.

तुझी थोरली बहीण